पथेर पांचाली बघताना तीनदा झोप लागली, आता पुढे काय बघू?

प्रश्न थोडक्यात असा. एका मुलीने (वय २४, नोकरी हिंजवडीत, रोजचे दोन तास बसमध्ये) 'पथेर पांचाली' मोबाईलवर लावला आणि तीनदा झोपली, मग मित्र म्हणाला म्हणून 'मेघे ढाका तारा' बघितला तर तो तिला "आईच्या सिरियलसारखा रडका" वाटला, आणि आता ती विचारतेय की गरिबी आणि घरातली कटकट सोडून ह्या जुन्या बंगाली सिनेमांत असं आहे तरी काय आणि परत सुरुवात करायची तर कुठून करायची.

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. मी अठ्ठावीस वर्षं एडिटिंग करतेय, मधेमधे शिकवतेही, आणि हे सिनेमे मी थिएटरात, स्टीनबेकवर (रीळ कापायचं एडिटिंगचं टेबल), लॅपटॉपवर सगळीकडे बघितलेत, काही तर रीळ मागेपुढे करून शॉट मोजत. त्यामुळे झोपेचं मनावर घेऊ नकोस. मलाही पहिल्यांदा लागली होती, आणि मी तर सिनेमा शिकायला प्रवेश परीक्षा देऊन आले होते.

खरी चूक आहे ती क्रमाची. कुणीही विचारलं की सगळे डोळे झाकून 'पथेर पांचाली' हातात देतात, कारण तो पहिला, तो जगभर गाजलेला. पण नव्या माणसाला तो सगळ्यात अवघड जातो. त्यात गोष्ट अशी पुढे सरकतच नाही, पावसाळा येतो, पावसाळा जातो, कुणीतरी मरतं. त्याची लय अंगात भिनायला आधी दुसरं काहीतरी बघून झालेलं असावं लागतं. आणि बसमध्ये तर तो कुणीच बघू नये.

आता माझं म्हणणं सांगते, बाकी सगळं त्याचंच स्पष्टीकरण समज. ह्या सिनेमांत घर बघायचं तर भावना नंतर बघ. आधी बघ की घरात पैसा कोण आणतंय, आणि मग बघ की कोण कुठे बसतंय, कुठे झोपतंय, कुणाला दाराशी उभं राहावं लागतंय. एवढं धरून ठेवलंस की तुला जी 'कटकट' वाटली ना, ती नीट उलगडायला लागेल. सत्यजित राय काय, ऋत्विक घटक काय, मृणाल सेन काय, तिघांचे स्वभाव तीन दिशांना, एकमेकांवर जाहीर टीकाही करायचे, पण घराचा हिशेब मात्र तिघांनी वाण्याच्या वहीसारखा चोख मांडलाय.

'महानगर' पासून सुरू कर. सत्यजित राय, १९६३. नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवरून. कलकत्त्यातलं एक मध्यमवर्गीय घर, बँकेत नोकरी करणारा सुब्रत, त्याची बायको आरती, लहान मुलगा, सासू-सासरे, नणंद (ही म्हणजे पंधरा वर्षांची जया भादुरी, नंतर आमच्या पुण्यालाच शिकायला आली), एवढी सगळी माणसं दोन-चार चिंचोळ्या खोल्यांत. एका पगारात भागत नाही म्हणून नवराच बायकोला म्हणतो तू पण नोकरी बघ. ती घरोघर जाऊन विणकामाची मशिनं विकायला लागते. सासरे म्हणजे रिटायर्ड मास्तर, ते मुलाशी बोलणंच टाकतात, आणि मग स्वतः जुन्या विद्यार्थ्यांच्या दारी जाऊन मदत मागतात, कुणी चष्मा करून दिला तर घेतात. सुनेची कमाई नको पण विद्यार्थ्याकडून फुकटचा चष्मा चालतो, ह्यावर सिनेमा एक शब्द बोलत नाही. नुसतं दाखवतो आणि पुढे जातो.

ह्यातला एक सीन मी दरवर्षी वर्गात दाखवते. सुब्रत एका हॉटेलात बसलाय, आणि अचानक त्याला दिसतं की आरती आत येतेय, बरोबर कुणीतरी परका माणूस आहे. त्याची नोकरी तोपर्यंत गेलेली. तो पेपर वर धरतो आणि त्याच्यामागे लपतो. पलीकडच्या टेबलावर आरती त्या माणसाला सांगत असते की माझ्या नवऱ्याचा धंदा आहे, चांगलं चाललंय वगैरे. म्हणजे बायको नवऱ्याची लाज राखायला खोटं बोलतेय आणि नवरा पेपरामागे बसून ते ऐकतोय. आता ह्यात भांडण कुठाय? कुणी कुणावर ओरडत नाही. पण लग्नात ह्या क्षणी जे काही हललं ते परत जागेवर कसं बसवणार, हे आपल्याला तिथेच कळतं आणि घशात काहीतरी अडकतं. एडिटर म्हणून सांगते, असा सीन कापताना हात शिवशिवतो की नवऱ्याच्या चेहऱ्याचा मोठ्ठा क्लोजअप टाकावा आणि त्यावर सारंगी बिरंगी. असल्या मोहाला राय सहसा बळी पडत नाहीत.

दुसरी गोष्ट फोनची. नवऱ्याला आता बायकोची नोकरी खुपायला लागलीय, त्याने तिला राजीनाम्याचं पटवलंय, पत्र तिच्या पर्समध्ये आहे, आणि त्याच दिवशी त्याची बँक बुडते. तो धावतपळत फोन करतो की देऊ नकोस राजीनामा. तुमच्या पिढीला बँक बुडणं म्हणजे नेमकं काय ते चटकन लक्षात येत नाही म्हणून सांगते. आपल्या देशात ठेवींवरचा विमा सुरू झाला १९६२ मध्ये. त्याआधी छोटी खाजगी बँक बसली की ठेवीदाराचा पैसा गेला आणि कारकुनाची नोकरीही गेली, आणि वर बाहेर चिडलेला जमाव. फाळणीच्या आसपासच्या वर्षांत बंगालात अशा कितीतरी बँका बुडाल्या. त्यामुळे तो प्रसंग योगायोग म्हणून घुसडलेला वाटला तरी तसा नाहीये, तेव्हाच्या प्रेक्षकांत असे पोळलेले लोक बसलेले होते.

आणि पहिल्या पगाराचा सीन, तो मी सांगत नाही, ऑफिसातल्या बाथरूममधला आरसा आणि कोऱ्या नोटा एवढंच लक्षात ठेव. आरती झालेल्या माधबी मुखर्जीने तिथे जे केलंय ते मी आजवर कुठल्या नटीला शिकवून करताना बघितलेलं नाही.

'महानगर' नंतर लगेच 'एक दिन प्रतिदिन' बघ. मृणाल सेन, १९७९. सोळा वर्षं गेलीत मधे. 'महानगर' मध्ये बाईने कमवावं की नाही हा प्रश्न होता, इथे तो कधीच निकालात निघालाय, सात माणसांचं घर थोरल्या मुलीच्या, चिनूच्या पगारावर चालतं आणि त्याबद्दल कुणाला काहीच वाटत नाही. एक दिवस ती ऑफिसातून घरी येत नाही. बस्स, एवढीच गोष्ट. संध्याकाळ, रात्र, पहाट. उत्तर कलकत्त्यातला एक जुना पडका वाडा, भाडेकरूंनी भरलेला (आपल्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात जो राहिलाय त्याला तो चौक लगेच ओळखू येईल), आणि रात्र चढत जाते तसे एकेक शेजारी कळवळ्याने चौकशीला येतात आणि कळवळा कुठे संपतो नि चहाटळकी कुठे सुरू होते ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. भाऊ मॉर्गमध्ये जाऊन येतो. धाकटी बहीण मीनू शेवटी भडकते आणि जे कुणी बोलत नव्हतं ते आईच्या तोंडावर बोलते, की तुम्हाला काळजी दीदीची आहे का तिच्या पगाराची.

सकाळी चिनू परत येते. कुठे होती ते कुणी विचारत नाही, ती सांगत नाही, आणि सिनेमाही आपल्याला सांगत नाही. माझे विद्यार्थी ह्यावर हमखास चिडतात. सर्रास प्रश्न येतो, मॅडम मग ती होती कुठे? अरे, हाच प्रश्न तर त्या वाड्यातले शेजारी विचारत होते! म्हणजे दीड तास तुम्ही त्यांना नावं ठेवलीत आणि शेवटी त्यांच्याच रांगेत जाऊन उभे राहिलात.

हा सिनेमा मला पहिल्यांदा फारसा आवडला नव्हता, खरं सांगते, शिकत असताना बघितला तेव्हा रटाळ वाटला. पुढे ९७ साली मी एका ठिकाणी रात्रपाळीला एडिटिंग करायचे, मशीन दिवसा मोठ्या लोकांना आणि रात्री आमच्यासारख्यांना, असा हिशेब. एका रात्री काम लांबलं, तिथला फोन बंद होता, निघायला पहाटेचे साडेचार झाले. आमच्या बिल्डिंगमध्ये शिरले तर पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत एकूण एक गॅलरीत लाईट. बाबा जिन्यात उभे, स्वेटर उलटा घातलेला. मी म्हटलं फोन बंद होता. ते म्हणाले, हं. आईने गॅस पेटवला, चहा टाकला, आणि त्या विषयावर आमच्या घरात आजतागायत कुणी बोललेलं नाही. 'एक दिन प्रतिदिन' मध्येही सकाळी आई रोजच्यासारखी चूल पेटवायला जाते. ती आई केलीय गीता सेन यांनी, मृणालदांच्या पत्नी. एडिटिंगच्या टेबलावर मी तो शॉट नंतर कितीदा तरी बघितलाय. लांबून घेतलाय, आणि तिच्या चेहऱ्यापेक्षा हातांची हालचालच जास्त दिसते.

(जाता जाता, ह्या सिनेमाचे कॅमेरामन के. के. महाजन, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. 'भुवन शोम' पासून सेन यांच्याबरोबर. घरातला उजेड खरोखर घरातल्यासारखा ठेवायची त्यांची हातोटी होती, म्हणजे चाळीसच्या बल्बखाली माणूस जसा पिवळट, दमलेला दिसतो तसाच.)

आता तुझ्या रडक्या सिनेमाकडे येते. 'मेघे ढाका तारा', ऋत्विक घटक, १९६०. तो सिरियलसारखा वाटला हे तुझं निरीक्षण चुकीचं नाही, उलट बरोबरच आहे, घटकांनी मुद्दामच मेलोड्रामा घेतलाय, त्यांना त्याची लाज नव्हती. ते इप्टाच्या (डाव्या विचारांची नाट्यचळवळ) नाटकांतून आलेले, लोकांना हलवायचं तर लोकांच्या ओळखीचा साचा घ्यायचा हे त्यांना पक्कं माहीत होतं. फरक एवढाच की सिरियलमध्ये एक वाईट सासू किंवा एक कारस्थानी जाऊ लागते, इथे तसं एकही माणूस नाहीये. सिनेमाची नायिका नीता, तिच्या आईकडे बघ. पूर्व बंगालातून उखडून कलकत्त्याच्या कडेला निर्वासितांच्या वसाहतीत येऊन पडलेलं कुटुंब, नवरा मास्तर, तोही पुढे जायबंदी होतो, थोरला मुलगा शंकर दिवसभर रियाज करत बसणारा, दाढी करायला पैसे बहिणीकडे मागणारा. आता ह्या घरात कमावती मुलगी लग्न करून गेली तर चूल कशी पेटणार? आईला ते कळतं, आणि म्हणून ती नीताच्या प्रियकराला, सनतला, धाकट्या मुलीकडे, गीताकडे वळू देते. वाईट वाटतं तिलाही. पण हिशेब जुळवायचाय.

तो सीन परत लाव, हेडफोन घालून. नीता आणि सनत बोलत असताना आई स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकतेय, आणि आवाजात चुलीवर काहीतरी खदखदतंय, खऱ्या चुलीवर खदखदेल त्याहून खूप मोठ्याने. भांडं आईच्या डोक्यात उकळतंय असं समज हवं तर. मोबाईलच्या स्पीकरवर हे सगळं सपाट होतं आणि उरतं ते नुसतं तोंडावरचं दुःख, म्हणून तुला रडकं वाटलं असणार. तसंच चाबकाचं. सनतच्या घरी दुसरी कुणीतरी आहे हे कळून नीता जिना उतरते, हात गळ्याशी, आणि साउंडवर चाबूक कडाडतो. कुठून आला चाबूक? कुठूनच नाही. आमच्या वर्गात पहिल्यांदा दाखवला तेव्हा मागच्या रांगेतली दोन मुलं हसली होती (त्यातली एक मी). पुढे भाऊ-बहीण दोघं मिळून रवींद्रसंगीत गातात तिथे गाण्याच्या शेवटाला तोच चाबूक परत येतो, आणि तेव्हा कुणी हसलं नाही.

बाप एकदा उठून बोट रोखून इंग्रजीत म्हणतो की मी आरोप करतो. कुणावर, असं विचारलं तर बोट खाली येतं, कुणावरच नाही. मेलोड्रामाच्या ऐन शिखरावर आरोपीच सापडत नाही, असं सिरियलमध्ये झालं तर दुसऱ्या दिवशी सिरियल बंद पडेल.

मराठी माणसाला ह्यात अजून एक दार आहे. आपल्याकडे भाद्रपदात गौरी येतात, जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात, आणि त्या जाताना घरातल्या म्हाताऱ्या बायकांचे डोळे भरतात ते काही मुखवट्यासाठी नसतात. बंगालात तीच उमा दुर्गापूजेत चार दिवस माहेरी येते आणि दशमीला परत डोंगराकडे, शंकराकडे जाते. तिला निरोप देतानाची लोकगीतं आहेत, ती घटकांनी नीताच्या मागे वाजवलीत. नीताला लहानपणापासून डोंगर बघायचे असतात. तिला डोंगर मिळतात ते शिलाँगला, टीबीच्या सॅनेटोरियममध्ये. इकडे घराला तोवर दुमजली व्हायचे वेध लागलेत. भाऊ शंकर मुंबईला जाऊन मोठा गवई झालाय ना.

आईला (माझ्या) मी हा सिनेमा घरी दाखवला होता, आई बँकेत होती, पस्तीस वर्षं नोकरी. सुरुवातीला नीताची चप्पल तुटते, ती तशीच ओढत चालते, आणि हातात शिकवणीचे पैसे आलेत तर घरात आधीच यादी तयार, बहिणीला साडी, धाकट्याला खेळायचे बूट. मला वाटलं आई रडेल. आई म्हणाली, "हिने पहिल्यांदा चप्पल घ्यायला पाहिजे होती, घरी यायच्या आधीच." मग जरा वेळाने, "मीपण नाही घेतली." आणि उठून कुकर लावायला गेली. शेवटी शिलाँगहून परत आल्यावर रस्त्यावर दुसऱ्याच एका मुलीची चप्पल तुटते, ती पण हसते आणि ओढत चालायला लागते, तेव्हा आई स्वयंपाकघरात होती, तिने तो शॉट बघितलाच नाही. मी परत लावला नाही.

घटक साठच्या दशकात थोडा काळ पुण्याला इन्स्टिट्यूटमध्ये व्हाइस प्रिन्सिपॉल होते, मणी कौल, कुमार शहानी हे त्यांचे विद्यार्थी. तिथल्या आंब्याच्या झाडाखाली बसून शिकवायचे. आम्ही शिकत होतो तोवर त्यांच्या गोष्टींना इतके पाय फुटले होते की खरं कुठलं आणि पुढच्या बॅचने लावलेलं कुठलं काही कळायचं नाही, म्हणून त्या इथे लिहीत नाही. १९७६ मध्ये गेले, पन्नाशीत. 'सुबर्णरेखा' ही बघ कधीतरी, भाऊ-बहिणीचा त्याहून भयंकर सिनेमा मी बघितलेला नाही, पण एकटी असताना नको.

श्रीमंत घर बघायचं असेल तर 'चारुलता' (१९६४), टागोरांच्या 'नष्टनीड' वरून. इथे पैशाची चणचण नाही म्हणून माझा नियम मोडतो असं तुला वाटेल. बघ बरं. पहिली सहा-सात मिनिटं जवळजवळ काही बोलणं नाही, चारू ह्या खिडकीतून त्या खिडकीत, हातात छोटी दुर्बीण, आणि नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून निघून जातो, त्याला ती दिसतही नाही. मग ती दुर्बीण डोळ्याला लावून जाणाऱ्या नवऱ्याकडे बघते. एवढं मोठं घर, तर माणसं एकमेकांपासून लांब. आणि घर फुटतं ते आधी पैशानेच, नवऱ्याचा विश्वासातला मेहुणा त्याच्या वर्तमानपत्राचे पैसे घेऊन पळतो. मनाचा विश्वासघात त्याच्या मागोमाग येतो. क्रम बघितलास?

आता कुठे 'पथेर पांचाली' परत काढ. १९५५. तुला माहीतच असेल की राय तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरी करत होते, पैसे संपले की शूटिंग बंद, बायकोचे दागिने गहाण पडले, शेवटी बंगाल सरकारने पैसे दिले. कॅमेरामन सुब्रत मित्र एकवीस वर्षांचे, त्यांनी त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. एडिटर दुलाल दत्त, जे पुढे रायांच्या शेवटच्या सिनेमापर्यंत त्यांच्याबरोबर राहिले. आम्हा एडिटर लोकांत त्यांचं नाव घेताना अजून कानाला हात लावतात.

पण तू ते सगळं विसर आणि म्हातारीला बघ. इंदिर ठाकरुन, मुलांची पिशी, म्हणजे आपली आत्या. चुनीबाला देवी, वय ऐंशीच्या घरात. घरात खाणारी तोंडं किती आणि भात किती हे सर्वजयेला (आईला) रोज मोजावं लागतं, आणि ह्या हिशेबात आत्या बसत नाही. आजारी आत्या शेवटची परत येते, म्हणते शेवटचे दिवस इथे राहू दे. सर्वजया नाही म्हणते. आत्या पाणी मागते, तर तुमचं तुम्ही घ्या. ती उठते, मडक्यातून पाणी घेते, पिते, आणि लोट्यात उरलेलं पाणी जाता जाता अंगणातल्या रोपट्याला घालते. मग जाते. ते पाणी! मी पाच-सहा वेळा बघितल्यावर मला ते दिसलं, आधी माझं लक्ष आपलं सर्वजयेच्या कठोर चेहऱ्याकडे. ज्या घरातून हाकललं त्या घराचं रोप. आणि सर्वजयेला व्हिलन म्हणायची तुझी प्राज्ञा नाही, कारण तिची साडी तू बघितलेली असतेस.

पुढे मुलगी दुर्गा वारल्यावर बाप खूप दिवसांनी घरी येतो, त्याला काही माहीत नाही, एकेक वस्तू काढून दाखवतो, हे घरासाठी, ही दुर्गासाठी साडी. सर्वजया साडी दातात धरते आणि कोसळते. तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी तार शहनाईचे (हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वरचे सूर आहेत, राग पटदीप. हल्ली माझ्याकडे जे एडिट येतात त्यात रडण्याखाली म्युझिक असतं, म्हणजे रडणंही ऐका आणि वर हे पण घ्या. इथे रडणं काढूनच टाकलंय. रविशंकरांनी ह्या सिनेमाचं संगीत एका रात्रीत रेकॉर्ड केलं होतं, त्यांना वेळच तेवढा होता.

हे झालं की 'अपराजितो' (१९५६), आणि माझ्या मते घराबद्दलचा रायांचा सगळ्यात निष्ठुर सिनेमा हाच, 'पथेर पांचाली' पेक्षाही वरचा, ह्यावर माझं नवऱ्याशी पंचवीस वर्षं भांडण आहे. बाप काशीला मरतो, आई दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला राहते, मग मुलाला घेऊन खेड्यात येते, मुलगा अपू शिकायला कलकत्त्याला जातो, आणि आई गाड्यांचे आवाज ऐकत बसते. सुट्टीत आलेला अपू म्हणतो सकाळी लवकर उठव, गाडी पकडायचीय. तिचा हात होत नाही उठवायला. तो चिडतो, निघतो, स्टेशनवर जातो, गाडी येते, आणि तो परत घरी येऊन सांगतो गाडी चुकली. एक दिवस दिला त्याने आईला. पुढच्या वेळी मात्र देत नाही. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या मूळ कादंबरीत आई गेल्यावर अपूला क्षणभर सुटल्यासारखं वाटतं असं आहे, आणि रायांना नेमकं तेच धरायचं होतं. कलकत्त्यात हा सिनेमा पडला. व्हेनिसला मात्र त्याला गोल्डन लायन मिळालं.

एक कारागिरीची गोष्ट. काशीच्या घराचं अंगण स्टुडिओत बांधलेलं होतं. खऱ्या वाड्यात उजेड वरून, आभाळातून येतो, सावल्या पडत नाहीत. सुब्रत मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्या कापडावर मारले, परतून आलेला उजेड माणसांवर. आज 'बाउन्स' हा शब्द शूटिंगवरचा स्पॉटबॉयसुद्धा वापरतो. तू बघशील तेव्हा तुला काही कळणार नाही, फक्त आई अंगणात वावरताना खरीखुरी घरात आहे असं वाटेल, आणि तेवढ्यासाठीच तो खटाटोप होता.

'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' ह्या तिन्ही अपू-सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमध्ये लागलेल्या आगीत होरपळल्या, त्यांतून वाचलेल्या फिती आणि इतर प्रतींतले भाग जोडून २०१५ मध्ये नवीन रिस्टोर केलेली कॉपी निघाली. तीच बघ. फुकटात मिळणारी करडी, कापसासारखी कॉपी बघितलीस तर झोप येणारच, त्यात अंधारात नाकडोळेच दिसत नाहीत.

एक राहिलंच, 'खारिज', मृणाल सेन, १९८२. ह्याला मी तुझ्या यादीत सगळ्यात शेवटी ठेवते. तरुण नवरा-बायको, एक मुलगा, आणि घरकामाला ठेवलेला एक पोरगा, पालन. पालन जिन्याखाली झोपायचा. थंडी फार म्हणून एका रात्री तो स्वयंपाकघरात जाऊन झोपला, आतून दार लावून, चुलीत कोळसे तसेच, आणि धूर जायला झरोका नाही. सकाळी दार फोडावं लागलं. मी म्हटलं होतं ना, कोण कुठे झोपतंय ते बघ. ह्या सिनेमात सगळी गोष्ट तेवढीच आहे. पोलीस येतात, पोस्टमॉर्टेम होतं, घरमालक झरोक्यावरून हात झटकतो, आणि शेवटी पालनचा बाप, खेड्यातला माणूस, निरोप घ्यायला येतो. घरमालकापासून नवऱ्यापर्यंत सगळे टरकून उभे, आता हा मारणार. तो फक्त येतो म्हणून सांगतो आणि जातो.

तर क्रम असा ठेव: महानगर, एक दिन प्रतिदिन, मग मेघे ढाका तारा परत (हेडफोन), चारुलता, पथेर पांचाली, अपराजितो, खारिज. 'अपूर संसार' मी मुद्दाम गाळला, तो तू आपणहून बघशीलच, तरुण नवरा-बायको एकमेकांना पंख्याने वारा घालत जेवतात तेवढ्यासाठी तरी. एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त नको. सबटायटल इंग्रजी असतील पण थोडं बंगाली कानावर पडू दे, बौदी (वहिनी), पिशी, ठाकूरपो (दीर) हे शब्द दोन सिनेमांत आपोआप कळतात, आणि कोण कुणाला काय हाक मारतंय ह्यावरून घरातली पायरी कळते, इंग्रजीत ती सगळी नुसती नावं होतात.

'महानगर' बघून झाला की लिही, हॉटेलातल्या सीनबद्दल मला ऐकायचंय. आणि बसमध्ये बघू नकोस.